अक्षर दिसेना झालं की निघायचं

कर्जतच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा अप्पांनी माझी बॅग डिकीत टाकली, हात झटकले आणि विचारलं, "तू तिकडं नेमकं काय काम करनार गं? कुनी इचारलं तर सांगाया पायजे."

मी म्हणाले, "दवाखान्यातल्या मशीन सोप्या करायच्या, अप्पा. नर्सला कमी बटणं दाबावी लागली पाहिजेत."

अप्पा वीज मंडळात वायरमन होते, सारी नोकरी खांबावर गेली. ते हसून म्हणाले, "मशीन सोपी झाल्यावर मेकॅनिकनं खायाचं काय?" शेजारी आई उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "जेवत जा येळेवर." गाडी वळेपर्यंत दोघं तिथंच होते. एकुलती एक मुलगी दूर चालली की मागं काय उरतं, हे तेव्हा मला सुचलंही नाही. पुढं विमान होतं, पासपोर्ट होता, डोकं त्यातच होतं.

आपल्या गावच्या तुम्हा मंडळींपैकी कुणी पुण्यात आहे, कुणी मस्कतला. जे गावातच आहेत ते माझ्या आईच्या हातचा चहा अजून पितात. तुम्हा सगळ्यांनाच हे सांगावंसं वाटतंय.

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहते. सायकलवरून ऑफिसला जाते, समोरचा वारा तोंडावर घेत. दिवसभर मिटिंगमध्ये एकच प्रश्न विचारते : हे बटण खरंच लागतं का? हा स्क्रीन काढला तर कुणाचं अडेल का? या कामाचे मला चांगले पैसे मिळतात आणि मला ते आवडतं. पसारा आवरायची खोड मला आईकडूनच आली असावी.

एके दिवशी आईचा फोन आला. अप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा नगरला जायचं, नाहीतर घरीच पोटाचं डायलिसिस करायचं, असं डॉक्टर म्हणाले. घरच्या प्रकारात पोटात एक नळी बसवतात. तिच्यातून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते बाहेर काढायचं आणि नवं भरायचं. रोज, दिवसातून चार वेळा. हात जरा अस्वच्छ राहिला तर पोटात जंतू जातात आणि जिवावर बेततं.

नगरच्या खेपा अप्पांना झेपणार नव्हत्या. म्हणून घरचं ठरलं. करणार कोण, तर आई.

मी रजा टाकून आले. नगरच्या दवाखान्यात नर्सनं आईला सगळं शिकवलं, आईनं मान डोलावली. घरी आल्यावर मात्र तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "माज्या हातानं ह्यांना काय झालं तर?"

मी म्हटलं, हे तर माझंच काम. फोटो काढले, रंगीत तक्ता केला, कर्जतहून लॅमिनेट करून आणला, भिंतीवर चिकटवला. आई हात धुऊन तक्त्यासमोर उभी राहायची, ओळीवर बोट ठेवून वाचायची, आणि बोट लागलं म्हणून परत हात धुवायला जायची. असं दोन-तीनदा झाल्यावर ती मोरीतच रडत बसली. मी तक्ता काढून टाकला.

मग ऑफिसात करते ते केलं. कोपऱ्यात स्टूल टाकून नुसती बघत बसले. नर्सही त्या दिवशी घरी आली होती, आई तिच्यासमोर करत होती. तेव्हा कळलं की नळ्या-पिशव्या आईला अवघड जातच नव्हत्या. अवघड होती ती धावपळ. मास्क खुंटीला, नळीचं टोपण कपाटात, चिकटपट्टी दुसऱ्या खोलीत. हात धुऊन झाल्यावर आठवायचं की पंखा चालू राहिला, त्यानं धूळ उडणार.

आम्ही मागची खोली रिकामी करायला घेतली. ज्वारीची पोती बाहेर गेली, गोधड्या गेल्या. शिलाई मशीन काढताना आईचा जीव वरखाली झाला. ते तिनं स्वतःच्या कमाईनं घेतलेलं. शेवटी ते पुढच्या खोलीत उजेडाला ठेवलं. खोलीत एक खाट, एक टेबल. टेबलावर डावीकडून उजवीकडं वस्तू मांडल्या, ज्या क्रमानं लागतात त्याच क्रमानं. भिंतीवरचे फोटोही काढू म्हटलं, तर अप्पांनी हात वर केला. "ते ऱ्हाऊ दे. धूळ मी पुसीन." मी ऐकलं.

दार, खिडकी, पंखा हे अप्पांनी बघायचं ठरलं, म्हणजे हात धुतल्यावर आईनं कशालाच शिवायचं नाही. अप्पा खूश झाले. "आमच्यात बी आसंच आसतं. लाइन बंद करनारा येगळा, खांबावर चढनारा येगळा." आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी काम मिळालं होतं.

आता राहिला प्रश्न काही बिघडलं तर काय करायचं याचा. माझ्याकडं लक्षणांची मोठी जंत्री होती आणि प्रत्येकासमोर बाण : प्रज्ञाला फोन. प्रज्ञा म्हणजे मी. नर्स म्हणाली, "मावशी, एवढं कशाला? बाहेर आलेल्या पाण्याच्या पिशवीखाली पेपर धरा. अक्षर दिसलं की ठीक. गढूळ दिसलं, अक्षर दिसेना झालं की पिशवी घेऊन तसंच दवाखान्यात यायचं. पोट दुखलं, ताप आला तरी यायचं."

"आन् प्रज्ञाला फोन कवा करायचा?" आईनं विचारलं.

खाटेवरून अप्पा म्हणाले, "तिला कशाला? ती काय तिथून गाडी काढनार हाय का?"

ते चेष्टेत बोलले. पण मला ते लागलं. ऑफिसात मी रोज विचारते, हे काढलं तर कुणाचं अडेल का? त्या दुपारी आमच्या घरात काढायची पायरी मीच होते. मी तिकडून घाबरून दहा प्रश्न विचारणार आणि तेवढ्यात वेळ जाणार, हे मला समजत होतं. मी म्हणाले, "मला नंतर कर, आई. आधी निघ."

मी परत गेले. पावसाळा सरला, दिवाळी झाली. आईचे हात सरावले. मग एका सकाळी मी डेस्कशी बसतेय तोच फोन आला. आईचा आवाज शांत होता. "नगरला हाये. सकाळी अक्षर दिसंना. कौसाच्या पोराचा टेम्पो हुता, तसंच निघालो. डॉक्टर म्हनले येळेत आलात. औषधाच्या सुया चालू केल्यात." कौसामावशी म्हणजे आमची शेजारीण.

मी विचारलं, "तू घाबरली नाहीस?"

"घाबराया सवड कुठं हुती? निघायचं हुतं."

फोन ठेवून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. अप्पा वाचले याचं रडू होतं. आणि माझ्यावाचून अडलं नाही, याचंही थोडं होतं.

अप्पा बरे होऊन घरी आले. पुढच्या उन्हाळ्यात मी न कळवता गेले. बॅग ओढत अंगणात आले तर दार बंद. ओट्यावर कौसामावशी आणि आणखी दोघी बसलेल्या. मी हाक मारणार तोच मावशीनं दटावलं, "गप. आत चाललंय त्यांचं. तुज्या आयनं समद्या गावाला सांगितलंय, दार लावलेलं आसलं की हाक मारायची न्हाई."

"मावशी, पण मी आलेय."

"मंग? बस की."

मी बसले. मावशीनं सरकून जागा दिली आणि मूठभर शेंगा हातावर ठेवल्या. आतून आईचा दबका आवाज येत होता, अप्पांचं हं-हं येत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथं माझ्यासाठी दार उघडतं. तिकडं राहून मी तेच आठवत बसायचे. त्या ओट्यावर शेंगा सोलताना वाटलं, आत सगळं ठीक चाललंय हे माहीत असताना बंद दाराबाहेर निवांत बसता येतं, तेही घरच. कदाचित तेच जास्त.

थोड्या वेळानं कडी वाजली. दार अप्पांनी उघडलं. मला बघून डोळे भरून आले त्यांचे. मी उठून पुढं झाले, तसे एक पाऊल मागं सरले आणि म्हणाले,

"आदी हात धू. मंग आत ये."