खिडकीसमोरचा दादा

फोटोवाल्या काकांचा तीस वर्षांचा हेका एकच, चेहरा उजळ आला पाहिजे. ऐन लग्नात ते नवरदेवालाही दटावायचे, "हनुवटी वर! बायको पळून जात नाही!"

त्यांचा आजारी थोरला भाऊ, दादा, मात्र फोटोसाठी खिडकीला पाठ करून बसला. मागे लख्ख ऊन, चेहरा काळाठिक्कर. काकांनी सवयीने कॅमेऱ्यात जास्त उजेड घेत एक्स्पोजर वाढवलं. खिडकी पांढरीफट्ट झाली आणि दादाची खोल गेलेली गालफडं स्पष्ट उमटली.

"आईला हा पाठवणार?" दादाने फोटो बघून विचारलं. "अरे शहाण्या, तिला कळू नये म्हणूनच इथं बसलोय ना!"

काकांनी एक्स्पोजर उतरवलं. बाहेरचं झाड दिसू लागलं, दादाची नुसती सावली उरली.

"झकास. तिला सांग, मजेत ऊन खात बसलाय."