थोरलीच्या तोंडची माफी

मी माझ्या अक्काला फसवलं. ती अंथरुणाला खिळली होती, तिची नजर गेली होती आणि मी तिला कादंबरी वाचून दाखवत होते. कादंबरीत धाकटी बहीण थोरलीची माफी मागते. मी वाचताना ते उलटं केलं. थोरलीलाच धाकटीपुढे हात जोडायला लावले. हे चुकून झालं नाही. आदल्या दिवशी घरी बसून मी ते पान पाहून ठेवलं होतं आणि काय म्हणायचं तेही ठरवलं होतं.

आमचं घर शिंप्यांचं. आमचे पूर्वज कधीतरी कुठल्यातरी फौजेबरोबर बेंगळुरात आले असं सांगतात. आल्यावर जे कपडे शिवायला बसले ते आमच्या वडिलांपर्यंत उठलेच नाहीत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. शाळाही कन्नड. मराठी आम्ही बोलायचो, वाचायचो नाही. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने एकटीने बसून मराठी पुस्तकं वाचायला सुरुवात केली, पुढे शिक्षिका झाली. मी दहावीनंतर मशीनवर बसले. ब्लाउजपासून सुरुवात केली. आज माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे, आनेकलहून तीस बायका कामाला येतात. चिकपेटेतले कापडवाले मला पाहिलं की आधी पाणी देतात आणि मग भाव सांगतात, कारण मी भांडते. हे मी कौतुकाने सांगत नाही. मला दुसरं काही येत नाही म्हणून सांगते.

आई अक्काकडे असायची, येलहंक्याला. बारा वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हा जून लागायला आठवडा होता, म्हणजे शाळा उघडायच्या, म्हणजे मला श्वास घ्यायलाही वेळ नव्हता. आईला कुठल्या दवाखान्यात न्यायचं यावरून अक्काचं आणि माझं त्याआधी महिनाभर वाजलं होतं. मी पोचले तेव्हा आईला खाली घेतलेलं होतं. दहाव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर अक्का म्हणाली, "धाकटीला धंद्यातून वेळ मिळाला नाही."

मी तिथेच उसळले. "निरोप पाठवला होतास का? एक फोन केलास का मला? आईचा जीव जातोय हे तू लपवलंस, आणि आता चारचौघांत मला वाईट ठरवतेस?"

अक्का काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं म्हणजे कबुली, असं मी धरलं आणि तेच अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आले. लग्नकार्यात भेटलो तर "बरी आहेस?" "आहे." एवढंच.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आई जायच्या दोन दिवस आधी अक्काच्या शेजारच्या काकींचा फोन आला होता. "आई तुझं नाव घेतेय ग, येऊन जा." मी तागे मोजून घेत होते. म्हटलं, रविवारी येते. आई शुक्रवारी गेली. पण तो फोन अक्काचा नव्हता, काकींचा होता. अक्काने स्वतः फोन केला नाही, हे खरंच होतं. या एवढ्या धाग्यावर मी माझं सगळं भांडण टांगून ठेवलं होतं.

मग मागच्या वर्षी अक्काच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आईच्या किडन्या गेल्या. डोळ्यांनाही दिसत नाही आता. तिला पुस्तक वाचून दाखवायला कुणीतरी हवंय. मी दिवसभर ऑफिसात असते."

"मराठी वाचायला मीच सापडले काय? मी बोट ठेवून वाचते."

"तीच म्हणाली, तिला बोलाव."

मी मंगळवारी आणि शनिवारी दुपारी जायला लागले. पुस्तक अक्काच्या वाचनमंडळातलं होतं. पंधरा-वीस बायकांचं मंडळ, महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं. पुस्तकात कोल्हापूरकडच्या दोन बहिणी, त्यांचं आईच्या मरणावरून झालेलं भांडण आणि पुढे थोरलीचं आजारपण. पहिल्या दहा पानांतच मी पुस्तक मिटलं.

"अक्का, दुसरं काही नाही का? आजारी माणसाने मरणाचंच पुस्तक का ऐकायचं?"

"मग कुकरचं माहितीपत्रक वाचतेस? ते आहे कपाटात." डोळे मिटूनच ती हसली. "जे मला व्हायचंय ते आधी कुणाला झालंय, कसं झालंय, ते मला ऐकू दे. डॉक्टर सांगत नाही. तुम्ही कुणी सांगत नाही. पुस्तकातली बाई तेवढी लपवत नाही."

"पुस्तकातली माणसं सोयीने मरतात. बोलायचं ते सगळं बोलून मग. आपली आई कुठे काय बोलली?"

तिने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग कन्नडमध्ये 'ठीक' म्हणतात तसं म्हणाली, "सरी, वाच पुढे."

मी वाचायची. जोडाक्षर आलं की अडायची. अक्का लगेच पकडायची. "'निर्लज्ज' नाही ग, 'निर्व्याज'. उलट झालं सगळं." तीस वर्षं पोरांचं वाचन ऐकलेली बाई, तिच्या कानातून काही सुटायचं नाही. मी चिडायची. "मग तूच वाच." "दिसत असतं तर तुझे पाय धरले असते काय?" अशी आमची बोलणी परत सुरू झाली. मी तिच्यासाठी नाचणीची आंबील नेऊ लागले. कारखान्यातल्या बायका म्हणायला लागल्या, मॅडम मंगळवारी ओरडत नाहीत.

आणि मला त्यातच समाधान मानता आलं असतं. पण सराव करायला म्हणून मी पुस्तक घरी नेलं आणि शेवट पाहिला. शेवटून तिसऱ्या प्रकरणात धाकटी थोरलीच्या उशाशी बसते आणि म्हणते, मला यायला हवं होतं, मी आले नाही, मला क्षमा कर. ते वाचून मला राग आला. लेखिकेचा. कुणी सांगितलं हिला की चूक धाकटीचीच असते? थोरलीने काय केलं ते विचारलं का? मला वाटलं, हे पान मी अक्काला वाचून दाखवलं तर ती म्हणेल, बघ. आणि माझी अकरा वर्षं फुकट. मला अक्काच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, ती जायच्या आत. धंद्यात समोरच्याला काय हवंय ते ओळखून त्याच्यासमोर तसा माल टाकायचा, की तो आपला आकडा आपणच बोलतो. हे मी आयुष्यभर केलंय. बहिणीच्या बाबतीतही तेच केलं.

त्या शनिवारी मी पुस्तक उघडलं, बोट ओळीवर ठेवलं आणि ओळींकडे न बघता बोलत गेले. थोरली उठून बसते. थोरली म्हणते, मी तुला मुद्दाम कळवलं नाही. आई तुझ्या आठवणीने झुरत होती आणि मी ते तुझ्यापासून लपवलं. माझ्या मनात खोट होती. मला क्षमा कर. मग धाकटी तिचा हात धरते.

अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत बोलले. शब्द थोडे बदलले असतील.

"बरं लिहिलंय," ती म्हणाली. मग तिने हात चाचपडत माझ्याकडे आणला. "माझंही चुकलं ग पुट्टी. मी तुला निरोप पाठवला नाही. आईच्या वेळी. मला माफ कर."

पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी मुलगी. लहानपणी ती मला तेच म्हणायची. आई गेल्यावर म्हणाली नव्हती.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं, की काकींचा फोन आला होता. मला ठाऊक होतं. मीच आले नाही. ते वाक्य जिभेवर आलंही. पण मी मिळालेलं हातात घट्ट धरलं आणि म्हटलं, "जाऊ दे अक्का, झालं ते झालं." मोठ्या मनाने. आजही ते आठवलं की मान खाली जाते. मी तिला माफ केलं.

तीन आठवड्यांनी अक्का गेली. सकाळी, चहाच्या वेळी. मी आदल्या रात्रीपासून तिथेच होते, एवढं तरी झालं.

त्यांच्या मंडळाची एक रीत आहे. मंडळातली बाई गेली की तेराव्याच्या जेवणाआधी सगळ्या जमतात आणि तिने शेवटी वाचलेल्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचतात. कुठलं पान ते जाणाऱ्या बाईने सांगून ठेवलं असलं तर तेच. भाचीने मला पुस्तक आणून दिलं. "मावशी, आईने सांगितलंय, थोरली माफी मागते ते पान. आणि तू वाचायचंस. मी काल शोधलं, पण मला वेगळंच दिसतंय. इथे धाकटी मागते आहे. दुसरीकडे कुठे आहे का?"

"तेच ते पान," मी म्हणाले. "तुझ्या आईच्या लक्षात उलटं राहिलं असेल."

हे दुसरं खोटं, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर.

मी चष्मा विसरले म्हणायचा विचार केला. पण चष्मा नाकावर होता. वीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मी बोट ठेवून वाचायला लागले. पहिल्याच ओळीत अडले. दुसऱ्या ओळीत अडले. 'पश्चात्ताप' हा शब्द मला तीनदा फोडावा लागला. मला यायला हवं होतं, मी आले नाही. बायका डोळे पुसत होत्या, त्यांना वाटलं मला हुंदका येतोय. आणि मला तेव्हा कळलं. त्या शनिवारी मी एकदाही अडले नव्हते. एवढं मोठं पान, एक जोडाक्षर चुकलं नाही, आणि अक्काने एकदाही टोकलं नाही. वर माझ्या त्या पानातली बाई कोल्हापूरकडची असून आमच्या घरातल्यासारखी बोलत होती. अक्काला पहिल्या दोन वाक्यांत समजलं असणार. तरी ती म्हणाली, परत वाच.

पान संपलं. एक म्हातारी बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भाग्यवान हो तुमची अक्का. अशी बहीण मिळाली." मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

जेवणं झाल्यावर भाची स्वयंपाकघरात पातेली पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं. पान उलटं केलं ते, अक्काने माफी मागितली ते. ती पुसतच राहिली.

"आईने माफी कशाची मागितली?"

"निरोप पाठवला नाही म्हणून. आजीच्या वेळी."

तिने पातेलं खाली ठेवलं. "मावशी, काकींनी तुला फोन केला होता ना?"

मला खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "हो."

"तो आईनेच करायला लावला होता. मी तिथे होते. ती म्हणाली, मी केला तर ती भांडेल, काकींनी केला तर ऐकेल. तू रविवारी येते म्हणालीस, तेही काकींनी येऊन सांगितलं."

"मग अकरा वर्षं ती बोलली का नाही?"

"मी विचारलं होतं एकदा." ती माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणाली, तिला दुखतंय, तिला कुणावर तरी राग धरायला लागेल. माझ्यावर धरू दे."

मी तिथून कशी निघाले ते मला सांगता येणार नाही. त्यानंतर मी ती कादंबरी घरी आणून पहिल्यापासून वाचली, बोट ठेवून, कुणी टोकायला नसताना. चांगली आहे. त्यात दोघी एकमेकींना खरं सांगतात, थोरली मरायच्या आधी. लेखिकेने तेवढी सवड दिली आहे. आम्हालाही होती. तीन आठवडे होती, सहा दुपारी होत्या. मी गप्प बसले कारण मला हवं ते मिळालं होतं. पण अक्का, तू का गप्प बसलीस?

मी रचलेलं पान वाचलं हे मी कबूल करते. चारचौघांत, लिहून, कबूल करते. माझ्या कारखान्यात कुणी चूक केली तर मी तोंडावर विचारते, आणि समोरच्याने तोंडावर सांगावं अशी माझी अपेक्षा असते. तसं तू मला विचारायला हवं होतंस. "पुट्टी, हे पुस्तकात नाही" एवढं म्हणायला हवं होतंस. मी भांडले असते, ओरडले असते आणि मग काकींच्या फोनचं माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं. त्याऐवजी तू निरोप पाठवूनसुद्धा पाठवला नाही म्हणालीस. न केलेल्या गोष्टीची माफी माझ्या हातात ठेवलीस आणि निघून गेलीस. आता मी ती कुणाला परत करू? माझी माफी मी कुणाकडे मागू? तुझ्या मुलीकडे मागितली, ती म्हणते ते आईचं आहे, माझं नाही.

अक्का, मला खरं मागायची संधी तू का दिली नाहीस? याचं उत्तर तुला द्यावंच लागेल.