घारीचा घसा

साइटवर तिला सगळे घार म्हणायचे. उंच क्रेनवरच्या काचेच्या केबिनमध्ये ती दिवसभर बसायची आणि खालच्या मुकादमाशी वायरलेसवर बोलत लोखंडाच्या मोळ्या उचलायची. सव्विशीतल्या या भाचीचं घरी आत्याला कोण कौतुक! पण वर संडास नव्हता आणि खाली उतरलं की काम ठप्प. म्हणून घार पाणीच प्यायची नाही, डबाही उघडायची नाही. घरी आली की दिवसभराची भूक एकदम भागवायची आणि तशीच आडवी व्हायची.

मग घशात जणू खडा बसला. गिळला जाईना, खाकरून निघेना. गुळण्या झाल्या, मध झाला. महिना उलटला तरी आवाज घोगराच. काचेत एकटी बसून ती आवंढा गिळून बघायची. आहे का? आहेच. मनात नको नको ते यायचं, आणि तिथून उठून जायची सोय नव्हती.

"सुट्टी? मग वर कोणाला बसवू?" मुकादम म्हणाला. "घसाच आहे, पाय नाही मोडला."

एका सकाळी मोळी खाली येताना ती वायरलेसवर ओरडायला गेली, "बाजूला व्हा!" आवाज फुटलाच नाही. तिने ब्रेक दाबला. मोळी एका गवंड्याच्या डोक्यावर हेलकावत राहिली.

संध्याकाळी घरी ते ऐकून आत्या उठलीच. "घसा म्हणजे सुटलेलं बटण आहे का, घरच्या घरी लावायला? चल."

डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून पाहिलं. "गाठ नाही. पोटातलं आम्ल वर येऊन घसा भाजलाय, स्वरतंतू सुजलेत. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला की यायचं असतं, तुम्ही उशीर केलात. गिळता येईना, थुंकीत रक्त आलं, मानेला गाठ लागली, वजन उतरलं, तर तेवढंही थांबू नका. श्वास अडकला तर त्याच क्षणी निघायचं. आता आठवडाभर बोलणं बंद. रात्री लवकर जेवा, आणि पाणी प्या."

"मग उतरावं लागेल," ती कुजबुजली.

"उतरा."

बोलायची बंदी, म्हणून साइटवर आत्याच गेली. मुकादमाला तिने असं फैलावर घेतलं की तो मुकाट्याने आठवड्याची रजा देऊन मोकळा झाला.

आता घार दुपारी खाली उतरते. मुकादम शिडीशी घड्याळ बघत उभा असतो. खडा लहान झालाय, गेलेला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचंय, आणि त्या दिवसाची सुट्टी अजून मागायची आहे.