फुगलेले कपॅसिटर

कंपनीत शॉक बसला तेव्हापासून माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस, आता अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीशी बसून असायचा. अशातच घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा मॉनिटर बिघडला. स्क्रीन उजळायची आणि लगेच काळी व्हायची.

"मी उघडतो," ते म्हणाले.

मी लगेच म्हणाले, "अहो, नवीन घेऊ ना."

"मग मी घरात बसून काय करू?"

मी स्क्रूड्रायव्हर आणून दिला.

प्लग काढलेला असला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, करंट राहतो, म्हणून मला त्यांनी लांब उभं केलं. डाव्या हाताने, सावकाश, रेझिस्टर लावून तो करंट उतरवला आणि मीटरवर शून्य आल्याचं दाखवलं. बोर्डवरचे दोन छोटे कपॅसिटर डोक्यावर फुगले होते; बिघाड तिथेच होता.

तसेच नवे शोधायला आम्ही उल्हासनगरला गेलो. पहिल्या दोन दुकानांत नव्हतेच. तिथल्याच कॅम्प पाच भागातल्या दुकानदाराने भंगार बोर्डवरून काढलेले पुढे केले. "व्होल्टेज थोडा कम है, लेकिन चल जाएगा, भाभीजी."

"नहीं चलेगा," हे म्हणाले. "कमी व्होल्टेजचा लावला तर फुटेल. घरात माणसं राहतात."

दुकानदार वैतागला, पण आत जाऊन नवे, बरोबर आकड्याचे घेऊन आला.

घरी डाग द्यायची तापलेली सोल्डरिंग गन यांच्या हातातून दोनदा निसटली. दुसऱ्यांदा तर ती बोटाला टेकली आणि यांना कळलंच नाही. कातडी जळाल्याचा वास मला आला. मी गन ओढून घेतली, बोट नळाखाली धरलं.

"आता तू कर," ते खाली बघत म्हणाले.

ते सांगत गेले, मी करत गेले. कपॅसिटरची मायनसची बाजू त्यांनी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. मॉनिटरचं झाकण बसवून प्लग लावला. स्क्रीन उजळली आणि तशीच राहिली. मला हसू आलं. ते मात्र भाजलेल्या बोटाकडेच बघत होते.

"खरंच काही जाणवत नाही गं," ते म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांना दाखवू या."

इतके महिने हेच ते टाळत आले होते. आता आम्ही त्या डॉक्टरांकडे जातोय. बोटांत जीव परत येईल का, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.