विहिरीवरून गेलेला रस्ता

मैंदर्गीकडच्या या रस्त्यावर आता राज्यमार्गाचा फलक लागला आहे. बहात्तरच्या दुष्काळात बायकांनी खडी फोडून तो केला. त्यांतली एक मला विसरता येत नाही. तिचं नाव मला ठाऊक नाही.

आखणीत रस्ता सरळ होता. मध्ये एका पुढाऱ्याची मोसंबीची बाग आली, आणि रस्ता वळसा घालून थेट या बाईच्या विहिरीवर गेला. दुष्काळातही त्या विहिरीच्या तळाला पाणी होतं! आम्ही चळवळीतल्या पोरांनी पत्रकं वाटली, अर्ज दिले. बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले, "विकासासाठी झळ सोसावी लागते." ती कुणी सोसायची, हे आधीच ठरलं होतं.

विहीर बुजवायच्या दिवशी ती कामावरच होती. बोटं ठेचू नयेत म्हणून गुंडाळलेले सायकलच्या ट्यूबचे तुकडे तिनं सोडले, काठाला हळदकुंकू लावलं आणि तांदूळ नव्हते म्हणून मूठभर ज्वारी पाण्यात सोडली.

मुकादम ओरडला, "ए अव्वा, आटप की! बाया खोळंबल्यात."

"खोळंबू देत. तुजी लेक सासरला निघाली तर वटी न भरताच धाडतोस व्हय रे?"

मग दगडांचं पहिलं घमेलं तिनंच आत टाकलं. मी अडवायला धावलो, तर म्हणाली, "सोड बाबा. हजेरी बुडंल."

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या टप्प्यावर खडी फोडत होती. दुपारी टँकर आला, तेव्हा घागर घेऊन रांगेत उभी राहिली. तिची पाळी यायच्या आत टँकर रिकामा झाला.