थांब, नंतर मरते

आमच्या घरात खेळण्यातली बंदूक येणार नाही, असं मी मुलगा तीन वर्षांचा असतानाच जाहीर करून टाकलं. सासरी, माहेरी, राळेगावच्या बाजारात, जिथे कोणी ऐकेल तिथे. घरामागे आंघोळीच्या चुलीसाठी रचलेला पऱ्हाटीचा ढीग मात्र माझ्या लक्षातच आला नाही. कापूस वेचून झाल्यावर उपटलेली ती वाळकी झाडं. मोडाल त्या फांदीला एक मूठ आणि एक नळी. परसात पुरुषभर उंच शस्त्रागार, आणि मी दुकानातल्या प्लास्टिकशी भांडत होते.

पहिली गोळी मला भाजी चिरताना लागली. "ठो! आई, मर ना व!"

तत्त्वाने नकार द्यायला हवा होता. पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तीन वर्षं मला पडदा ओढायचंच काम मिळालं होतं. मी छातीवर हात ठेवला, ओटा धरला, दोन गिरक्या घेतल्या, कांद्याच्या टोपलीशेजारी कोसळले आणि शेवटचा श्वास तीनदा घेतला. पोरगं खूश. तेव्हापासून मी दिवसातून चार-पाचदा मरू लागले.

नवरा गोळी लागली की मोबाइलवरची नजर न हलवता "मेलो, मेलो" म्हणायचा. "बाबाले मरता येत नाही," असा पोराने निकाल दिला.

एकदा अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी मी मरून पडले होते. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि वाटी टाकून किंचाळल्या, "अवो माय! काय झालं हिले?"

"आताच मेली ते," पोरगं शांतपणे म्हणालं. "मीच मारलं. उठवू नका."

मेलेल्याने बोलायचं नाही, हा त्याचा कडक नियम. मी हसू दाबून पडून राहिले. काकूंनी तांब्याभर पाणी तोंडावर ओतलं, तेव्हा नाइलाजाने जिवंत झाले.

"पोराची माय हायेस का पोरगी?" म्हणून काकू गेल्या, त्या आठवडाभर बोलल्या नाहीत.

मग एक सकाळ. नवऱ्याची एसटी सुटायची वेळ, डबा भरायचा राहिलेला, तव्यावर पोळी करपलेली. मागून "ठो" आलं. मी वळलेही नाही. "थांब रे, नंतर मरते."

तो थोडा वेळ उभा राहिला असावा. दुपारी मीच हाक मारली, "ये, मार आता." तो गल्लीत क्रिकेट खेळत होता. "राहू दे आई," म्हणाला. मला वाटलं, आजच्यापुरतं.

आता तो यवतमाळला कॉलेजात आहे. शनिवारी येतो, आल्या आल्या चार्जर शोधतो. त्याने मला फक्त एकदा मारावं, असं फार वाटतं. पण अठरा वर्षांच्या मुलाला काय सांगणार, ये बाबा, आईवर गोळी झाड?

गेल्या शनिवारी धीर केला. पऱ्हाटीची चांगली फांदी निवडून दाराआड उभी राहिले. तो चप्पल काढत होता. मी नेम धरला. "ठो" अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात त्याने वर पाहिलं.

"कायले उचलून राह्यली व आई? हाताले लागंल ना." त्याने फांदी अलगद माझ्या हातातून काढून घेतली. "पाणी तापवाचं हाये का?"

"हो," मी म्हटलं, "तुझ्याच आंघोळीचं."

तो मागे गेला आणि कवेत मावेल तेवढी पऱ्हाटी उचलून चुलीपाशी आणून टाकली.