हात सोडायचा नाही

वन्सं गेल्या त्या दुपारी त्यांचा हात माझ्या हातात होता. सहा आठवडे झाले, पण लिहायचं ठरवलं की हेच आधी आठवतं.

सुमनवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. उभा जन्म हृदयविकाराच्या वॉर्डात सिस्टर. लग्न केलं नाही, आणि का ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. माणूस भेटलं की आधी मनगट धरायच्या आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायच्या. मला बघायला आल्या तेव्हाही तेच. "शहाण्णव. घाबरू नकोस, आम्ही माणसं खात नाही." पुढे त्यांच्याच हृदयाचा ठोका बिघडला आणि छातीत, कातडीखाली ठोका भरकटला की झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र बसलं. एकदा मार्केट यार्डात झटका बसला. बाई खाली बसल्या, उठल्या आणि बटाटे वजन करून घेऊनच घरी आल्या!

मग कॅन्सर निघाला, उपचारांच्या पलीकडचा. गेल्या महिन्यात... नाही, त्याच्याही आधी, मी हात धरून बसले असताना यंत्राने झटका दिला. त्या उसळल्या आणि मी हात टाकून मागे सरले. अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना झटके बंद करायला सांगितलं. माझा मुलगा केदार आयटीतला; तो चिडला. चालू सिस्टीम कुणी बंद करतं का, म्हणाला. वन्संनी शांतपणे समजावलं, की याने हृदय थांबत नाही, ते धडधडेल तेवढं धडधडेल. फक्त जाणाऱ्याला उगाच झटके बसणार नाहीत.

खरं कारण मला एकटीला सांगितलं. "शॉक देताना पेशंटला कुणी शिवायचं नसतं. एका बाईचा हात मी तिच्या नवऱ्याच्या हातातून ओढून काढला. नवरा काही वाचला नाही गं... माझ्या वेळी कुणाला हात सोडावा लागू नये."

केदारनेच त्यांना गाडीतून दवाखान्यात नेलं. कापाकापी नाही, काही नाही. छातीवर बाहेरूनच एक उपकरण धरलं आणि पाच मिनिटांत झटके बंद झाले. पुढे अकरा दिवस त्या घरीच होत्या. शेवटच्या दुपारी माझ्या हातातली त्यांची बोटं हळूहळू सरकत माझ्या मनगटावर आली. डोळे मिटलेलेच. "ब्याऐंशी," म्हणाल्या. "ठीक आहेस." थोड्या वेळाने बोटं सैल पडली. मी हात सोडला नाही.

आता केदार ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी माझं मनगट धरून उभा राहतो. त्याला नाडी सापडत नाही. मी हात सोडवून घेत नाही.